काढलेला वेळ

रस्त्याचं काम चालू असल्यामुळे ट्रक खाडीच्या अलीकडे थांबला, आणि बसल्या जागी भगवंतच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलू लागला. मांडीवर, पँटच्या कापडावर तो दाबत होता, घसरत होता, पुन्हा वर येऊन दाबत होता. हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. नजर रस्त्याच्या कडेला खडी पसरणाऱ्या एका म्हाताऱ्यावर होती. म्हाताऱ्यानं घमेलं उलटं करून मान वळवली होती आणि खांद्यापासून कानामागच्या हाडापर्यंत एक शीर ताणून वर गेली होती. शिरेच्या बाजूला खोल सावली होती. अंगठा ती सावली कोरत होता. शेजारी बसलेल्या वेल्डरनं विचारलं, "खाज सुटली काय?" भगवंतनं हात खिशात घातला. ट्रक हलला, म्हातारा धुळीत मागे पडला, पण खिशातल्या खिशात अंगठ्याचं चालूच होतं. आणि भगवंतला एकदम भीती वाटली, झोपलेल्या माणसानं आपल्या नावानं हाक मारावी तशी.

दिवसभर मग काम नीट झालं नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि त्यातल्या एका ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात भगवंत ट्रेसर होता. पत्र्याची लांब शेड, खिडक्यांतून येणारा समुद्राचा खारा वारा, प्रिंटच्या खोलीतून येणारा डोळे झोंबवणारा अमोनियाचा वास. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेली ड्रॉइंगं तो निळसर ट्रेसिंग कापडाखाली ताणून बसवायचा आणि शाईनं गिरवायचा. पाइप, पाइपांचे आधार, भिंती, भिंतींतली भोकं. त्याची रेषा ऑफिसात नावाजलेली होती. ती सगळीकडे सारख्या जाडीची असे, कोपऱ्यात फुटत नसे, आणि ती कुणाची आहे हे ओळखता येत नसे. कामात त्याचं स्वतःचं असं काहीही उतरायला नको होतं. जितकं कमी उतरेल तितकं काम चांगलं. याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट कॅन्टीनमध्ये कुणी ओळख करून देताना "गाडेकरांचा हात म्हणजे मशीन" म्हणालं, की तो मनातून सुखावत असे. त्या दिवशी मात्र एका पाइपाच्या वळणावर पेन टेकलं आणि ते वळण त्याला मानेसारखं दिसलं. शाई पसरली. ब्लेडनं खरवडून काढताना त्याला वाटलं, किती वर्षं झाली, आपण एकदाही चुकलेलो नाही.

मुंबईच्या कलाशाळेत तो शिल्पाच्या वर्गात होता. नगरहून पेटी आणि वळकटी घेऊन आलेला पोरगा; पहिले काही महिने नुसती माती मळली. माती मळताना तिच्यातली हवा जायला हवी, नाहीतर आतून फुटते. मास्तर मागून येऊन गोळा तारेनं मधोमध कापून दाखवायचे, आत बुडबुडा निघाला की काही न बोलता पुढे जायचे. पहिला खरा चेहरा त्यानं वर्गाच्या शिपायाचा केला होता. तो अर्धा झालेला असताना वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि त्याला गावी परतावं लागलं. निघताना त्यानं चेहरा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि सोबतच्या मुलाला सांगितलं, रोज पाणी शिंपड, मी येतोच आहे. तो परत कधी गेला नाही. वडील अंथरुणावर वर्षानुवर्षं राहिले, धाकट्या बहिणींची लग्नं झाली, ड्राफ्ट्समनचा कोर्स झाला, नोकरी लागली, रत्ना आली, बोईसरला बदलून यावं लागलं, शालू झाली. यातली एकही गोष्ट त्याला नको होती असं नव्हतं. मातीचं दुःख त्यानं कधी केलं नाही. ती आठवण येईल अशा रस्त्यानं तो मनातसुद्धा जात नसे, इतकंच. आणि आता ती रस्त्यावर खडी पसरत उभी होती.

पुढच्या सुट्टीला तो बेटेगावच्या कुंभाराकडे गेला आणि घासलेटच्या रिकाम्या डब्यात माती भरून सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आला. बोईसरच्या स्टेशनापासून आत, ताडांच्या रांगेला लागून असलेल्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि मागे पत्र्याची पडवी. रत्ना पडवीत शालूला न्हाऊ घालत होती.

"हे काय आणलंत?"

"माती."

"ती दिसतेय. कशाला?"

"बघू," तो म्हणाला.

 रत्नानं शालूला टॉवेलात गुंडाळलं आणि पडवीतली लाकडं एका बाजूला रचून त्याला जागा करून दिली. ती नगरकडचीच, बोलायला कमी, लग्नानंतर एकदा त्यानं तिला आपण कलाशाळेत होतो असं सांगितलं होतं तेव्हा तिनं "मग?" म्हटलं होतं.

माती होती, पण वेळ नव्हता. सकाळी उठून पाणी भरायचं, ट्रक गाठायचा, संध्याकाळी परतायचं. ओव्हरटाइम आला की तोही. कंपनीत ओव्हरटाइमला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. वेळ काढायला हवा, असं तो स्वतःशी म्हणे, आणि मग त्या शब्दांपाशी अडून बसे. वेळ काढणं म्हणजे कसाबसा दिवस ढकलणं. इतकी वर्षं त्यानं तसाच वेळ काढला होता. आणि वेळ काढणं म्हणजे कुठून तरी खेचून बाहेर घेणंही. कुठून? झोपेतून काढला तर ऑफिसात डोळे मिटतात. घरातून काढला तर रत्नाच्या वाट्याचा जातो. वेळ कुठे विहिरीत साठलेला नसतो, की दोर सोडला आणि काढला. हे सगळं त्याला तेव्हा कळत होतं. निदान डोक्याला कळत होतं. पण सकाळी ट्रक यायच्या आधी पडवीत बसून तो माती मळू लागला, तळव्यांना तो गारवा लागला, आणि कळणं बाजूला राहिलं. तो सकाळी मातीपाशी बसू लागल्यापासून पाणी रत्ना भरू लागली. कधीपासून, हे त्याला सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्याचं नाव भिका. मनोरच्या पलीकडल्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. हे त्याला झुंबरकडून कळलं. रस्त्याच्या टोळीचा मुकादम झुंबर भगवंतच्याच तालुक्यातला निघाला होता आणि कधी कधी चहाला घरी येत असे. भगवंतनं अडखळत विषय काढला. म्हाताऱ्याचा चेहरा करायचा आहे, मातीचा, रविवारी येऊन बसेल का, विचारशील का त्याला.

झुंबर हसला. "चेहरा? त्याचा? येईल की."

"विचारून बघ. जबरदस्ती नको."

"विचारायचं काय त्यात? सांगतो मी त्याला."

भगवंतला बरं वाटलं. आता सगळं जुळून येत होतं.

रविवारी भिका आला. डोक्याला फडकं, गुडघ्यापर्यंत धोतर, पायांना सिमेंटची पांढरी पुटं. पडवीच्या बाहेर उन्हात उभा राहिला. भगवंतनं आत बोलावलं, स्टूल दाखवलं.

"इथं बस."

"बसायचा?"

"हो."

"नुसता बसायचा?"

"नुसतं बसायचं. मान अशी, जरा या बाजूला. दुखली तर सांग."

भिका बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, भगवंतनं वळवून दिली तशी मान ठेवून. रत्नानं चहा आणून दिला, तो कपातून बशीत न ओतता तसाच गरम प्यायला आणि पुन्हा मान त्याच जागी नेली. तो बोलत नव्हता. आपलं काय करताहेत हे पाहायलाही त्यानं कधी मान वाकडी केली नाही. इतका स्थिर माणूस भगवंतनं वर्गातही पाहिला नव्हता. हा माणूस माझ्यासाठीच बनला आहे, असं त्याला त्या सकाळी वाटलं.

त्यानंतरचे रविवार. थंडीचे दिवस होते. ताडांच्या सावल्या पडवीत येऊन हळूहळू सरकत जात, पलीकडच्या खोलीत शालूचं कुरकुरणं, चुलीवर भाकरी फुगल्याचा वास, आणि या सगळ्याच्या मध्ये एक अशी जागा, जिथे आवाज पोचत नव्हते. भगवंतचे हात विसरले नव्हते. आधी नुसता ढोबळ गोळा, मग कपाळाचं हाड, डोळ्यांच्या खोबण्या, गालावरून उतरणारी ती कोरडी चर. मानेच्या शिरेपाशी तो आला तेव्हा छातीत इतकं भरून आलं की त्याला थांबावं लागलं. आठवडाभर ऑफिसात तो वाट पाहत असे; इतर दिवशी सकाळी दहा-पंधरा मिनिटं फडकं बाजूला करून नुसतं बघत बसे. ऑफिसातली रेषा अधिकच सफाईदार झाली होती. रत्नाशी तो हल्ली हसून बोले. शालूला खांद्यावर घेऊन चाळीच्या टोकापर्यंत फिरवून आणे. आपण चांगले झालो आहोत, असं त्याला वाटू लागलं. माणसाला त्याचं काम मिळालं की तो चांगला होतो, इतकं सोपं होतं हे. माती वाळू नये म्हणून दुपारी फडकं पुन्हा भिजवावं लागे; ते रत्ना करी. उन्हं तापायला लागल्यावर दोनदा करी. एकदा तो घरी आला तेव्हा ती पडवीत उभी होती, एका काखेत शालू, दुसऱ्या हातानं फडक्यावर पाणी शिंपत. तिच्या चेहऱ्यावर काय होतं हे त्यानं पाहिलं नाही. त्यानं फडकं पाहिलं.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. तोंड. ओठ बारीक, कडेला दोन सुरकुत्या, हनुवटी थोडी आत; सगळं मोजून, बघून, जसंच्या तसं केलं तरी ते तोंड त्या चेहऱ्याचं वाटत नसे. बाकीचा चेहरा एका माणसाचा आणि तोंड दुसऱ्याच कुणाचं. तो पुन्हा काढून टाकी, पुन्हा करी. समोर भिका बसलेला, ओठ मिटून, डोळे समोरच्या ताडाच्या बुंध्यावर. भगवंत जवळ जाऊन निरखी. काही चुकत नव्हतं. मातीतलं तोंड समोरच्यासारखंच होतं आणि तरी खोटं होतं. आपलंच शिक्षण अर्धं राहिलं, शेवटची काहीतरी युक्ती मास्तर सांगणार होते आणि त्याआधीच आपण निघून आलो, असं त्याला वाटे. एकदा वैतागून तो म्हणाला, "जरा सैल बस ना. हस थोडा." भिकानं लगेच दात दाखवले आणि ते तसेच ठेवले, भगवंत "राहू दे, राहू दे" म्हणेपर्यंत.

होळी झाली आणि एका रविवारी भिका आला नाही. भगवंत दुपारपर्यंत पडवीत बसून राहिला. भिजवलेली माती, तार, लाकडी कोरण्या. त्याचा राग वाढत गेला आणि त्या रागाचं त्याला नवल वाटलं नाही. जेवायला बसल्यावर तो रत्नाला म्हणाला, "सांगून तरी ठेवायचं. माझा सबंध दिवस गेला."

दुसऱ्या दिवशी ट्रक रस्त्याच्या कामापाशी थांबला तेव्हा तो खाली उतरला. टोळीत भिका नव्हता. त्याच्याच पाड्यावरचा चिंतू म्हणून एक तरुण गडी होता, त्याला विचारलं.

"त्यो घरा गेला," चिंतू म्हणाला. "जमुनाला बरा नाय. त्याचे बायकोला."

"कधीपासून?"

"लय दिस झाला. थंडीपासून. ताप येतंय, जातंय. आता उठत नाय. निरोप आला तवा पळाला. मुकादमान नाव काटला त्याचा."

"मग आधीच जायचं होतं. रविवारी सुट्टी असते ना."

चिंतूनं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. भगवंत काहीतरी विसरला असावा आणि आठवण करून द्यावी, तसं ते होतं.

"रविवारी तुमचेकडं बसायचा हुकूम व्हता ना, बाबू."

ट्रकच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. भगवंत चढला. दिवसभर त्यानं एका भिंतीचं ड्रॉइंग गिरवलं, भिंतीतल्या प्रत्येक भोकाला बारीक वर्तुळ आणि वर्तुळाच्या मधोमध फुली. झुंबरनं काय सांगितलं असेल ते त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. झुंबर वाईट माणूस नव्हता. त्यानं त्याच्या पद्धतीनं सांगितलं असणार, रविवारी बाबूच्या घरी जायचं, आणि ते पुरेसं होतं. पण भगवंतला छळत होतं ते दुसरंच. एवढे रविवार माणूस हातभर अंतरावर बसला होता. त्याच्या कानाच्या पाळीवरची घडी आपल्याला पाठ आहे. घरी कोण आहे, एवढं आपण त्याला एकदाही विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यानं रत्नाला सांगितलं, उद्या मी मनोरकडे जाऊन येतो. कशाला, हे सांगितलं नाही. ती म्हणाली, "मातीचं?" तो म्हणाला, "तेवढं भिजवत राहा."

सकाळी पालघरला जाऊन त्यानं मनोरची एस.टी. पकडली. मनोरला उतरून बाजारातून साखर, चहा, थोडे तांदूळ घेतले, आणि घेताना त्याला स्वतःची लाज वाटली, तरी घेतले. पुढे पायी. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, रानात सगळीकडे गोडसर उग्र वास भरून राहिला होता आणि पायाखाली पानांचा चुरा वाजत होता. चालताना तो काय बोलायचं याची वाक्यं जुळवत होता. मला माहीत नव्हतं. मी झुंबरला म्हणालो होतो, जबरदस्ती नको. खरंच म्हणालो होतो. पण प्रत्येक वाक्य त्याच्या स्वतःच्या बाजूनं उभं राहत होतं आणि त्याला ते तोडून टाकावं लागत होतं. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, एक विचार शांतपणे बसून होता. तो दिसला तेव्हा भगवंत वाटेतच थांबला. तोंड अजून राहिलंय, असा तो विचार होता.

पाड्यावर झोपड्या दूर दूर होत्या. एका बाईनं हात करून दाखवलं. कुडाची भिंत, शेणानं सारवलेलं अंगण. भिका अंगणात चूल फुंकत बसला होता, चुलीवर पेजेचं मडकं. पावलांची चाहूल लागून त्यानं वर पाहिलं आणि तो ताडकन उठला. हात धोतराला पुसले. मग काही न विचारता अंगणाच्या कडेला लाकडाचा ओंडका होता त्यावर जाऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान वळवली. नेमकी तेवढीच, त्या बाजूला.

भगवंत पिशवी हातात धरून उभा राहिला. ऊन भिकाच्या चेहऱ्यावर सरळ पडलं होतं. ओठ मिटले. कडेच्या सुरकुत्या आत ओढल्या गेल्या, हनुवटी किंचित मागे गेली. पडवीत दिसे तेच तोंड आता भगवंतच्या डोळ्यांसमोर तयार झालं. क्षणापूर्वी चूल फुंकताना तिथे वेगळं तोंड होतं. म्हणजे त्याची माती खोटी नव्हती. त्याला जे दिलं गेलं ते त्यानं अगदी बरोबर उतरवलं होतं. घाबरलेल्या माणसाचं तोंड तो इतके दिवस मन लावून घडवत होता, आणि ते त्या कपाळाशी, त्या मानेशी जुळत नाही म्हणून स्वतःच्या हाताला दोष देत होता.

"उठा," तो म्हणाला. "मी बसवायला नाही आलो. तुम्ही उठा."

'तुम्ही' ऐकून भिकानं मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलं आहे म्हणून. मग उठला, पण अर्धाच. "कामावरून काडला ना मना?"

"नाही. मी मुकादमाशी बोलतो."

झोपडीच्या दारातून आवाज आला. जमुना चटईवर भिंतीला टेकून बसली होती. अंगावर गोधडी, चेहरा तापानं ओढलेला, डोळे मात्र जागे. "कोन हाय?"

"बाबू. मी बसतंय तो," भिका म्हणाला.

तिनं भगवंतला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमी याला कशाला बसवता?"

"चेहरा करतो. मातीचा. यांचा."

"काय करनार त्याचा?"

भगवंत बोलायला गेला. कलाशाळा, मास्तर, अर्धा राहिलेला शिपाई, मशीनसारखी रेषा, सगळं एकदम घशाशी आलं आणि त्यातलं काहीही या अंगणात ठेवता येईना. "माहीत नाही," तो म्हणाला.

जमुनानं मान हलवली, जणू तिला हे उत्तर पटलं होतं. "मी एकली व्हती," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही. सांगायचं राहू नये म्हणून. "शेजारची नवसी येऊन पानी द्यायची. ती नसली तं नाय." मग भिकाकडे वळून, "पेज उतू जातंय. बघत काय बसलास?"

भिका धावला, मडकं उतरवताना बोट भाजलं, त्यानं ते तोंडात घातलं आणि तसाच बायकोकडे बघून काहीतरी पुटपुटला. ती हसली, मग तोही. भगवंतनं मान खाली घातली. हे बघायचा आपल्याला काही हक्क नाही, असं त्याला वाटलं. आणि ते त्यानं बघितलं होतं, आता न बघितलेलं करता येणार नव्हतं.

घरी परतल्यावर त्यानं कोरणी घेतली आणि चेहऱ्याचं तोंड मुळापासून काढून टाकलं. तिथे खोल वाटीसारखा खड्डा राहिला. रत्ना दारात उभी राहून पाहत होती. त्यानं तिला भिकाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बायको वाचली ना?"

"वाचलीय. उठेल हळूहळू."

"मग जा आता मुकादमाकडे. उद्यावर नका टाकू."

झुंबरला भिकाचं नाव पुन्हा लावायला काही अडचण नव्हती. "तुमचा माणूस आहे म्हटल्यावर काय," तो म्हणाला. भगवंत म्हणाला, माझा माणूस नाही तो. झुंबरला वाटलं, तो विनय करतो आहे.

उन्हाळा चढला. सकाळी उठून पडवीत जायची सवय सुटली नाही, पण भगवंत आता मातीला हात लावत नसे. फडकं काढून त्या खड्ड्याकडे बघत बसे. चेहरा मोडून पुन्हा गोळा करावा, डबा कुंभाराला परत द्यावा, हा साधा मार्ग होता, आणि तो रोज उद्यावर जाई. केलेल्या चुकीची शिक्षा म्हणून काम सोडायचं, तर त्यानं भिकाचे रविवार परत मिळणार नव्हते; काम चालू ठेवायचं, तर कुणाच्या जिवावर? आणि मनातलं खरं बोलायचं तर त्याला काम सोडायचं नव्हतं. लाज वाटत होती आणि सोडायचं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी होतं, शेजारी शेजारी, आणि एकानं दुसरं कमी होत नव्हतं. कधी कधी ट्रक खडीच्या ढिगापाशी थांबे, तेव्हा भिका दिसे. तो हात वर करी, भगवंतही करी.

एका सोमवारी सकाळी पडवीबाहेर कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. भिका होता. गावाहून येऊन कामावर निघालेला, खांद्यावर गाठोडं. भगवंत उठून उभा राहिला.

"जमुनाबाई कशा आहेत?"

"हिंडतंय आता. मोहाची फुला वेचाया गेलती." मग थोडं थांबून तो म्हणाला, "मना बघायचा हाय."

भगवंतला आधी कळलंच नाही. मग तो बाजूला झाला. भिका आत आला आणि स्टुलाकडे न बघता थेट चेहऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं तो समोरून पाहिला, कडेनं पाहिला, वाकून खालून पाहिला. स्वतःच्या मानेला हात लावला, मग मातीतल्या मानेजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"तोंड नाय," तो म्हणाला.

"जमलं नाही मला."

भिका त्या खड्ड्याकडे बघत राहिला. त्याला वाईट वाटलं की बरं, हे भगवंतला समजेना. विचारावं की नाही, हेही त्याला ठरवता येईना. विचारलं तर तो पुन्हा हुकूम होईल. न विचारलं तर पुन्हा आपणच त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. शेवटी तो म्हणाला, "तुम्हाला कधी रविवारी यावंसं वाटलं तर या. नाही वाटलं तर नका येऊ. कामाला काही होणार नाही, मी शब्द देतो."

भिकानं वळून त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच इतक्या जवळून, सरळ डोळ्यांत.  त्याच्या आत काहीतरी उचललं जात होतं, जड, सवय नसलेलं. मग खालचा ओठ थोडा पुढे आला, कडेच्या सुरकुत्या सुटल्या, आणि हनुवटी वर झाली.

"नाय," भिका म्हणाला. "रविवारी घरा जातंय मी."

"बरं," भगवंत म्हणाला.

भिका आणखी क्षणभर उभा राहिला, बोललेलं तसंच टिकतंय ना हे बघत असल्यासारखा. टिकलं. त्यानं गाठोडं सारखं केलं आणि ताडांच्या रांगेतून रस्त्याकडे चालता झाला. मागे वळून त्यानं पाहिलं नाही.

भगवंत खाली बसला. त्या खड्ड्यात आता काय यायचं ते त्याला दिसत होतं, सगळंच्या सगळं. तो पुढे आलेला ओठ, वर झालेली हनुवटी, आणि नकार देऊन झाल्यावर क्षणभर उघडं राहिलेलं तोंड. हे 'नाय' भिकानं त्याला दिलं नव्हतं, त्याच्या तोंडावर फेकलंही नव्हतं. ते भिकाचं स्वतःचं होतं. तरी ते आपण घेणार आहोत, हे भगवंतला कळत होतं. यातून सुटका नव्हती. डब्यातली माती कडेनं वाळली होती. भांड्यात पाणी नव्हतं. ट्रक यायला थोडाच वेळ होता आणि डोळ्यांपुढचं ते तोंड किती टिकेल याचा भरवसा नव्हता.

"रत्ना," त्यानं हाक मारली. "पाणी आण, लवकर."

 त्यानं पुन्हा हाक मारली. रत्ना दारापर्यंत आली. केस बांधायचे राहिले होते, कडेवर रडून थकलेली शालू, दुसऱ्या हातात पीठ. ती त्याच्याकडे आणि त्याच्यामागच्या मातीकडे बघत होती, आणि भगवंतला एकदम दिसलं की या दारात ती अशी उभी असताना आपण तिला किती दिवसांत पाहिलेलं नाही.

"तुम्ही घ्या," ती म्हणाली. "माझे हात अडकलेत."

ती आत गेली. भगवंत मातीकडे बघत क्षणभर बसून राहिला. मग तो उठला, मोकळी कळशी उचलली आणि चाळीच्या टोकाच्या विहिरीकडे चालू लागला. तिथे बायकांची रांग होती. तो शेवटी जाऊन उभा राहिला.